गाडीतून खाली उतरा : आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी जीएए क्लबची वाट

लेकीचा पहिला अख्खा हंगाम मी गाडीत बसून काढला. शनिवारी सकाळी पावणेदहाला तिला गेटपाशी सोडायचं, हीटर लावायचा, थर्मासमधला चहा प्यायचा, आईला फोन करायचा आणि अकराला तिला उचलून घरी. मैदान मी पाहिलं ते वायपरच्या फटीतून. माझ्या लेखी तो क्लास होता. फी भरली आहे, शिकवणारे शिकवतील. त्या शिकवणाऱ्यांना एक सेंटही मिळत नाही, तेही कुणाचे तरी आईबापच आहेत, हे मला कळायला सहा महिने लागले. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधी हे काय प्रकरण आहे

जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) थर्ल्स गावी, हेज हॉटेलात मायकल क्यूसॅक आणि मॉरिस डेव्हिन यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. इंग्रजी खेळांच्या रेट्यात आपले देशी खेळ बुडू नयेत हा हेतू. काठीने चेंडू मारायचा हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल हे मुख्य खेळ, शिवाय हँडबॉल आणि राउंडर्स. बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. त्याची संघटना १९०४ पासून वेगळी आहे आणि महिला फुटबॉलची १९७४ पासून. तिन्ही संघटना एकत्र आणायचं काम सध्या चालू आहे. मुलीचा फॉर्म भरताना वेगळे पर्याय दिसतात ते यामुळे.

पण खेळ हा अर्धाच भाग. आपल्याकडची तालीम, गणेश मंडळ आणि गावची जत्रा कमिटी एकाच पत्र्याच्या छपराखाली आणली तर जे होईल, ते म्हणजे इथला क्लब. वर्गणी आहे, कार्यकर्ते आहेत, रुसवेफुगवे आहेत, आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारे आजोबाही आहेत. डब्लिनच्या क्रोक पार्कात, म्हणजे जीएएच्या मुख्य स्टेडियमात, ८२ हजारांवर प्रेक्षक मावतात. तिथे अंतिम सामना खेळणाऱ्यालाही मानधन नाही, सोमवारी सकाळी तो शाळेत शिकवायला नाहीतर बँकेत कामाला जातो. तो ज्या क्लबातून आला, तिथलं गवत कापणारेही फुकटच कापतात.

तुमचा क्लब कोणता

नकाशावर बघून सगळ्यात चकचकीत मैदान निवडू नका. क्लब पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बांधलेला असतो. खेड्यात ही हद्द काटेकोर पाळतात. डब्लिनसारख्या शहरात ती पुसट आहे, तरी मुलं ज्या शाळेत जातात तिथली बहुतेक पोरं ज्या क्लबात आहेत, तोच तुमचा क्लब. शाळेच्या गेटवर विचारा. एकदा एका क्लबात नाव लागलं की दुसरीकडे जायला बदलीचा अर्ज, मंजुरी, सगळं लागतं. आणि गावात त्याची चर्चा होते ती वेगळीच.

धर्माची काळजी नको. हद्द चर्चची असली तरी आत कुणी धर्म विचारत नाही. २०२० साली कोविडमध्ये मशिदीत अंतर ठेवून नमाज शक्य नव्हता, तेव्हा बकरी ईदची नमाज क्रोक पार्कच्या मैदानावर झाली. पाकिस्तानात जन्मलेला शायरोज अक्रम २०१६ मध्ये मेयो काउंटीच्या २१ वर्षांखालच्या संघातून ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली सर्वोच्च स्पर्धा, जिंकला. इराकमधल्या निर्वासित छावणीत जन्मलेला झॅक मोरादी हा कुर्द मुलगा लीट्रिमकडून हर्लिंग खेळला आणि २०१९ मध्ये क्रोक पार्कात चषक घेऊन उभा राहिला. आपली पोरं तिथे पहिलीच परकी नाहीत.

पहिला शनिवार

लहान मुलांचं सत्र बहुधा शनिवारी किंवा रविवारी सकाळी असतं. त्याला नर्सरी किंवा अ‍ॅकॅडमी म्हणतात. नोंदणी न करता एकदोनदा येऊन बघायला सहसा कुणाची ना नसते. फोन करून वेळ घेण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ जा. ‘बिब’, म्हणजे संघ ओळखायची रंगीत बनियनं, वाटणारी व्यक्ती शोधा आणि ‘आम्ही नवीन आहोत’ एवढंच सांगा.

वयोगट जन्मसालावर ठरतो, शाळेच्या इयत्तेवर नाही. ‘अंडर सेव्हन’ म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात सात किंवा त्याहून कमी वर्षं पूर्ण करणारी मुलं. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोर गटात सगळ्यात लहानखुरं दिसतं. आमचं तसंच होतं. काळजी करू नका, बारा वर्षांपर्यंत ‘गो गेम्स’ पद्धत असते. छोटं मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाला खेळायला मिळणारच, आणि चषक-गुणतक्ता काही नाही. पोरं मनात स्कोअर मोजतातच, तो भाग वेगळा.

एक गंमत. आपली मुलं कोचला ‘सर’ म्हणतात आणि कोच मागे वळून बघतो की शाळेतले सर आले की काय. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारायची, सत्तरीच्या अध्यक्षांनासुद्धा. मला अजून ते जड जातं.

नोंदणी

नोंदणी ‘फ्विरन’ नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर होते. आयरिशमध्ये याचा अर्थ संघ. आधी पालकाचं खातं, मग त्यात मुलं जोडायची. कुटुंब सदस्यत्व घेतलं तर वेगवेगळ्या नोंदणीपेक्षा बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. रक्कम क्लबागणिक बदलते. एकदम भरणं जड असेल तर खजिनदाराला बाजूला घेऊन हप्ते विचारा. हे इथे नवीन नाही आणि त्याची वाच्यता होत नाही.

नोंदणी टाळून नुसतं खेळत राहायचा मोह होतो. करू नका. खेळताना दुखापत झाली तर संघटनेच्या इजा-निधीचा आधार फक्त नोंदणी झालेल्यांनाच असतो. ती विम्याची पॉलिसी नव्हे. दाताचं बिल आलं की सगळं परत मिळेल असं धरून चालू नका. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

मग तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतील. तो म्यूट करा, पण बंद करू नका. मैदानात पाणी साचलं, सत्र रद्द, हा निरोप सकाळी सव्वानऊला येतो, आणि पोर तोवर बूट घालून दारात उभं असतं. लहान मुलांचे निरोप पालकांनाच येतात. कोच मुलाला परस्पर मेसेज करत असेल तर क्लबच्या चिल्ड्रन्स ऑफिसरला सांगा. हे पद प्रत्येक क्लबात असतं आणि त्या व्यक्तीचं नाव भिंतीवर लावलेलं असतं.

सामान, आणि मी केलेला घोटाळा

फुटबॉलला स्टडचे बूट आणि दातांवरचा माउथगार्ड, एवढं पुरे. माउथगार्ड सक्तीचा आहे, विसरला तर बाहेर बसवतात. दोन घेऊन ठेवा, त्यातला एक हमखास कुत्र्याच्या तोंडी लागतो किंवा वॉशिंग मशीनमध्ये सापडतो.

हर्लिंग आणि कमोगीला लागते ती हर्ली, म्हणजे खाली पसरट पात्याची काठी. आयरिशमध्ये तिला कमॉन म्हणतात, आणि त्या पात्याला बास. मी पहिल्यांदा दुकानात गेले आणि ‘दोन वर्षं चालेल’ या आपल्या खास हिशेबाने मापापेक्षा मोठी हर्ली घेऊन आले. शाळेच्या गणवेशाला चालतं ते इथे चालत नाही. लेक ती ओढत फिरली, जशी अंगणात खराट्याने झाडतेय. शेवटी एका आजोबांनी ती काढून घेतली, तिला सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावला आणि छोटी हर्ली पायाशी टेकवून दाखवली. बास जमिनीवर, वरचं टोक मनगटाच्या हाडाशी. हेच माप. मोठ्या हर्लीचं पुढे काय झालं? दाराला अडसर म्हणून ती उत्तम आहे.

दुसरा धडाही त्याच आजोबांचा. आपली क्रिकेटची सवय असलेली मुलं हर्ली बॅटसारखी धरतात. उजव्या हाताचा फलंदाज डावा हात वर ठेवतो. हर्लिंगमध्ये उलटं, बळकट हात वर. फटका मारताना दुसरा हात त्याच्या खाली येऊन मिळतो. हे पहिल्या आठवड्यात सुधारलं नाही तर पुढे फार त्रास होतो. घरी रोज पाच मिनिटं भिंतीवर चेंडू मारायला लावा, हात आपोआप बसतो.

चेंडू म्हणजे स्लिटर. दिसायला आपल्या सीझन बॉलएवढा, पण वजन ११० ते ११६ ग्रॅम, म्हणजे सीझन बॉलपेक्षा बराच हलका. लहान मुलांना मऊ चेंडू देतात. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून. २०१० पासून सगळ्या वयाच्या हर्लिंगपटूंना ते सक्तीचं आहे. क्रिकेटचं हेल्मेट चालणार नाही, ‘आय.एस. ३५५’ हे मानक बघून घ्या. जुनं मिळालं तर समोरची जाळी कुणी कापलेली किंवा वाकवलेली नाही ना, तपासा. हर्ली, हेल्मेट आणि लहान झालेले बूट यांचा ढीग बहुतेक क्लबात एका खोलीत असतो. आधी तिथे विचारा, मग दुकानात जा.

हर्ल्या ॲश झाडाच्या बुंध्यातून, मुळाकडच्या वळणातून काढतात. २०१२ पासून इथल्या ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे, म्हणून बाहेरचं लाकूड, बांबू, प्लास्टिक यांचं प्रमाण वाढतंय. लाकडी की बांबूची यावर क्लबात वाद निघाला तर गप्प बसा. मुंबईत वडापाव कुठला चांगला, तसाच हा विषय.

स्कोअर वाचायचा कसा

साइडलाइनवर हसं होऊ नये यासाठी एवढं पुरे. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखा. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, तीन गुण, पंच हिरवं निशाण हलवतो. दांडीवरून गेला तर एक गुण, पांढरं निशाण. स्कोअर लिहितात तो ‘२-११’ असा, म्हणजे दोन गोल आणि अकरा पॉइंट, एकूण सतरा. समोरच्याचे ०-१८ असतील तर तेच एका गुणाने पुढे आहेत. मी एकदा ०-१८ वाल्यांना ‘बिचारे, एकही गोल नाही’ म्हणाले होते. शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

२०२५ पासून पुरुषांच्या गेलिक फुटबॉलमध्ये चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर दोन गुण मिळतात, आणि त्याला नारिंगी निशाण. अनेक जुन्या लोकांनाही हे अजून पचलेलं नाही, त्यामुळे हा प्रश्न विचारून कुणाशीही बोलणं सुरू करता येतं. ‘थ्रो-इन तीन वाजता’ याचा अर्थ सामना तीनला सुरू, एवढंच.

साइडलाइनवर उभं राहून पोराला सूचना देऊ नका. मराठीतून तर मुळीच नको. आपल्याला वाटतं कुणाला कळत नाही. सूर सगळ्यांना कळतो. रेफरीवर ओरडलात तर सगळ्यात आधी तुमचंच पोर लाजेल. टाळ्या वाजवा, समोरच्या संघासाठीही.

आता मुख्य गोष्ट : काम मागा

मार्चमधल्या एका मंगळवारी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. क्लबचे एक जुने सभासद गेले होते. गुरुवारी अंत्यविधी, पार्किंगला माणसं हवीत. मी त्या गृहस्थांना कधी पाहिलेलंही नव्हतं. का कोण जाणे, ‘मी येते’ असं टाइप केलं.

गुरुवारी सकाळी एका मुलाने मला पिवळं जाकीट दिलं आणि शाळेच्या पटांगणाच्या तोंडाशी उभं केलं. काम इतकंच की गाड्या आत वळवायच्या, दुसरी रांग भरली की समोरच्या शेताकडे हात दाखवायचा. पाऊस भुरभुरत होता. दीड तास मी हात हलवत होते. प्रत्येक गाडीच्या काचेतून कुणीतरी बोट किंचित वर करून मला नमस्कार केल्यासारखं करी. मग शवपेटी आली तशी चर्चपर्यंत दोन्ही बाजूंनी क्लबच्या जर्सीतली माणसं उभी राहिली, आठ वर्षांच्या मुलांपासून साठीच्या लोकांपर्यंत. त्यात माझी लेकही होती. तिला कुणी बोलावलं, जर्सी कुणी दिली, मला माहीत नव्हतं.

नंतर क्लबहाउसमध्ये चहा. मोठ्या स्टीलच्या बॉयलरचा, काळाकुट्ट, वर दूध. सँडविच सगळी हॅमची. ‘मी मांस खात नाही’ म्हटल्यावर एका आजींनी तीन प्लेटा उचकटून मला अंडं आणि कांद्याच्या पातीचं एक सँडविच शोधून दिलं. त्या दिवसापासून दुकानात लोक मला नावाने हाक मारायला लागले. आधीचे सहा महिने मी ‘काळ्या गाडीतली बाई’ होते, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

म्हणून सल्ला असा, की पहिल्या महिन्यात छोटं काम मागून घ्या. सरावासाठी प्लास्टिकचे कोन मांडणं, चहाची पाळी, गेट बंद करणं, सुपरमार्केटात ग्राहकांच्या पिशव्या भरून देऊन क्लबसाठी पैसे जमवणं. खेळाचं ज्ञान लागत नाही. मुलांसोबत मैदानात काम करायचं असेल तर आधी गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडची पडताळणी, आणि बालसुरक्षेचा एक छोटा कोर्स लागतो. व्हेटिंगला भारतातले जुने पत्तेही द्यावे लागतात, तेव्हा पिनकोडसह लिहून ठेवा. माझा अर्ज एकदा त्यावरूनच परत आला. परवानगी येईपर्यंत चहाच्या टेबलावर राहा.

दर महिन्याला घरून काहीतरी करून नेलंच पाहिजे असं नाही. एकदा मात्र न्या. मी मुलांच्या ब्लिट्झला, म्हणजे अनेक क्लबांच्या एकदिवसीय मेळाव्याला, बटाटेवडे नेले. तिखट कमी केलं होतं, तरी एका वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने तिसरा उचलला तेव्हा मी काही बोलले नाही. यादी लिहून डब्यावर चिकटवा, शेंगदाणे-काजू असतील तर ठळक. अ‍ॅलर्जीबाबत इथे फार काटेकोर असतात.

वर्षभरात काय काय येतं

नोटीसफलकावर किंवा गटात जे येतं त्यातलं सगळं करायचं नसतं. माझी निवड सांगते.

जानेवारी-फेब्रुवारीच्या अंधाऱ्या संध्याकाळी अनेक क्लब मैदानाचे दिवे लावून सगळ्या गावाला चालायला बोलावतात. ‘आयर्लंड लाइट्स अप’ म्हणतात. नवख्यांसाठी याहून सोपं काही नाही. खेळायचं नाही, पैसे नाहीत, नुसतं गोल गोल चालायचं, आणि शेजारी चालणारा बोलतोच. याच दिवसांत ‘स्कोर’ असतं. १९६९ पासून चालत आलेली गाणी, वाद्यं, नाच, पठण, प्रश्नमंजुषा यांची स्पर्धा. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात वाढलेल्या माणसाला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

१७ मार्चला सेंट पॅट्रिकची मिरवणूक. मुलं जर्सीत चालतात. जर्सीच्या आत दोन थर घाला. वसंतात ब्लिट्झ सुरू होतात, आणि थोड्या मोठ्या मुलांचा ‘फेला’ हा मेळावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभराची ‘कूल कॅम्प’ असतात, सहा ते तेरा वर्षांसाठी. आपल्याला हव्या त्या आठवड्याच्या जागा आधीच भरतात, म्हणून वसंतातच नाव घाला. जुलैत ऑल-आयर्लंडचे अंतिम सामने. हर्लिंगचा लियाम मॅकार्थी चषक, फुटबॉलचा सॅम मॅग्वायर. क्लबहाउसच्या मोठ्या पडद्यावर जाऊन बघा. काउंटीचे सामने संपले की क्लबांचे खरे सामने उन्हाळ्याच्या उत्तरार्धात रंगतात, आणि शरदात काउंटी फायनल. तुमचा क्लब तिथवर पोचला तर त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नसतो. दिव्याच्या खांबांना झेंडे, मेंढ्यांनासुद्धा क्लबचा रंग लावलेला मी पाहिलाय.

अधूनमधून टेबल क्विझ आणि दर आठवड्याला लॉटो, म्हणजे क्लबची लॉटरी. लॉटोचं तिकीट दोनचार युरोचं. जिंकण्यासाठी घेऊ नका, वर्गणी समजा. क्विझला आपण क्रिकेटवर अवलंबून राहतो आणि क्रिकेटवर प्रश्न येत नाही. टेबलावर एक तरी स्थानिक माणूस घ्या.

मोठ्यांसाठीही जागा आहे. ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ हा बायकांचा फुटबॉल, स्पर्धा नाही, आधी कधी खेळलेलं असायची गरज नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पावलांवर चेंडू टप्पा द्यायचा की पायावर घ्यायचा हेच कळेना, आणि मी तो घेऊन सरळ पळत सुटले. कुणी थांबवलं नाही. हसून हसून त्यांना बोलताच येत नव्हतं.

क्लबचा हॉल भाड्यानेही मिळतो. आमच्या भागातल्या मराठी मंडळींची दिवाळी दोन वर्षं तिथेच झाली. मात्र स्मोक अलार्मखाली फराळ तळू नका आणि रांगोळी लाकडी फरशीवर काढू नका. दुसऱ्या दिवशी तिथे लहान मुलांचं सत्र असतं.

वर्षाच्या शेवटी वार्षिक सभा. तिला जा, मागच्या रांगेत बसा. हिशेब वाचून होतो, पार्किंगवरून भांडण होतं, मग पदं भरायची वेळ येते आणि खोलीत अचानक शांतता पसरते. सगळे आपापल्या बुटांकडे बघतात. तुम्ही भारतीय आहात म्हणजे कॉम्प्युटरमधलं कळत असणार, या हिशेबाने कुणीतरी रजिस्ट्रारपदासाठी, म्हणजे सभासदांची नोंदणी सांभाळायला, तुमचं नाव सुचवेल. घ्या. जानेवारी ते मार्च त्रास आहे, मग वर्षभर निवांत, आणि क्लबातल्या प्रत्येक घराचं नाव तोंडपाठ होतं. खजिनदारपद मात्र पहिल्या वर्षी कुणी कितीही गोड बोलून दिलं तरी घेऊ नका.